जन्मदोष आणि आघात

दिसायला अगदी सारखे असलेले दोन दोष मुळात भिन्न असू शकतात काय? असू शकत असतील, तर ती भिन्नता वस्तूत असते की वस्तूच्या इतिहासात? साहित्यसमीक्षेला हा प्रश्न परिचित आहे. विम्सट आणि बीअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाच्या हेतूला मूल्यमापनाच्या कक्षेबाहेर काढले, तेव्हापासून 'संहितेत जे आहे तेवढेच पाहा' ही भूमिका समीक्षेत रूढ झाली. या भूमिकेची मर्यादा आणि तिच्यातील तथ्य ही दोन्ही एका अनपेक्षित क्षेत्रात, म्हणजे नाणकशास्त्रात, अधिक स्पष्ट दिसतात. तेथे टांकसाळीत घडलेली चूक आणि टांकसाळीबाहेर झालेली मोडतोड यांतला भेद रोज करावा लागतो. पहिलीला येथे जन्मदोष म्हणू, दुसरीला आघात.

अमेरिकेतील डेन्व्हरच्या टांकसाळीत १९३७ साली पडलेल्या पाच सेंटच्या काही नाण्यांवर रानरेड्याला तीनच पाय दिसतात. पुढचा उजवा पाय नाही. खूर मात्र शिल्लक आहे. ठशावरचे ओरखडे घालवण्यासाठी तो घासला गेला आणि त्या घासण्यात पायाची खोदाई नाहीशी झाली. संग्राहक या नाण्याला मोठी किंमत देतात, म्हणून साध्या नाण्यावरचा पाय खरवडून 'तीन पायांचे' नाणे बनवणारेही निघाले. दोन्हीकडे उणीव तीच. मग पारख कशी होते? अस्सल नाण्यावर प्राण्याच्या पोटाखाली बारीक उंचवट्यांची एक ओळ दिसते. ठशावर पडलेला खळगा नाण्यावर उंचवटा होऊन उमटतो. उलट, नाण्यावर नंतर झालेली जखम धातूत खोल जाते. खरवडणाऱ्याला पाय काढता येतो, पण ते उंचवटे सहजी निर्माण करता येत नाहीत.

येथे एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध होते. जन्मदोष म्हणजे नियमाचा अभाव नव्हे. तो निर्मितीच्या नियमांनुसारच घडतो, आणि म्हणून त्याचे सोबती असतात. कापताना कडेला अर्धचंद्राकृती तुकडा गेलेली चकती कड उचलणाऱ्या यंत्रातून जाते, तेव्हा त्या खाचेच्या नेमकी समोरची कडही अशक्त राहते. कातरीने नंतर तुकडा कापला तर समोरची कड शाबूत असते. शिवाय सदोष ठशाचा दोष त्यातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी येतो. आघात मात्र बहुधा एकाकी असतो. चूक वंश चालवते, आघाताला वंश नसतो.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे वाक्य ओळखीचे वाटेल. पोथीत काही ओळी गळालेल्या आहेत. कसरीने पान खाल्ले असेल, तर तुटलेली जागा शब्दाची वा अर्थाची सीमा पाळत नाही. लेखनिकाची नजर एका शब्दावरून पुढच्या तशाच शब्दावर घसरली असेल, तर गळालेला मजकूर त्या दोन सारख्या शब्दांच्या मधलाच असतो, आणि त्या पोथीवरून झालेल्या प्रतींतही ती गळती उतरते. सुकथनकरांच्या संपादनाखाली १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीमागे हाच वंशविचार आहे: समान दोष समान पूर्वजाकडे बोट दाखवतात.

परंतु हा भेद निरपेक्ष मानता येत नाही. कसरीने खाल्लेल्या पानावरून कोणी प्रत केली, तर पूर्वजाचा आघात वंशजाचा जन्मदोष होतो. तीन पायांच्या नाण्याचेही तसेच आहे. ठशाच्या दृष्टीने ते घासणे आघातच होते. एखाद्या वैगुण्याला काय म्हणावे हे आपण कोणत्या पिढीपासून मोजतो यावर अवलंबून राहते. आणखी एक अट आहे. चूक होण्यासाठी आधी प्रमाण असावे लागते. हाताने पाडलेल्या शिवराईवर अक्षरे अनेकदा कडेबाहेर गेलेली असतात, अक्षरांची वळणे आणि ऱ्हस्वदीर्घही एकसारखे नसतात. त्यांना यंत्राच्या काटेकोरपणाने 'चुका' म्हणणे म्हणजे एका व्यवस्थेचा न्याय दुसरीवर लादणे होय. प्रमाणलेखनापूर्वीच्या मराठी पोथ्या 'अशुद्ध' ठरवणाऱ्यांनी हाच अन्याय केला.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल: भेद इतिहासात असतो, पण तो इतिहास वस्तूवर खुणा ठेवून जातो. म्हणून 'केवळ संहिता' म्हणणारा आणि 'केवळ हेतू' म्हणणारा, दोघेही अर्धेच पाहतात. ठसा घासणाऱ्याचा हेतू पाय पुसण्याचा नव्हता. तरीही ते नाणे टांकसाळीचेच. कर्तृत्व हेतूपेक्षा व्यापक असते.

उरतो मूल्याचा प्रश्न, आणि तो अधिक अवघड आहे. बाजार जन्मदोषाला दुर्मिळ म्हणून डोक्यावर घेतो आणि आघाताला कवडीमोल ठरवतो. ज्ञानाने केलेल्या भेदातून हा क्रम निष्पन्न होत नाही. मोगल आणि कंपनीच्या रुपयांवर सराफांनी मारलेल्या पारखखुणा शुद्ध संग्राहकाला विद्रूप वाटतात; पण ते नाणे कोणाच्या तरी हाती आले, संशयाने पाहिले गेले आणि विश्वासास पात्र ठरले, याची ती साक्ष आहे. टांकसाळीतील चूक नाण्याच्या जन्माबद्दल बोलते, आघात त्याच्या आयुष्याबद्दल. निर्मितीच्या क्षणालाच सत्य मानणाऱ्या समीक्षेने हे दुसरे बोलणे ऐकायचे नाकारले, की वाचकांनी केलेले बदल, कीर्तनकारांनी घातलेले पाठ आणि पानांवर पडलेले हळदीचे डाग तिला केवळ मळ वाटू लागतात.

अर्थात यावरून सर्व वैगुण्ये सारखीच, असे म्हणणे दुसऱ्या टोकाचे ठरेल. खरवडून बनवलेले तीन पायांचे नाणे खोटे आहे, ते आघातग्रस्त आहे म्हणून नव्हे, तर त्याचा आघात जन्मदोष असल्याची बतावणी करतो म्हणून. फसवणूक खुणेत नसते. खुणेच्या खोट्या वंशावळीत असते. समीक्षकाचे पहिले कर्तव्य त्या वंशावळीची तपासणी हे आहे. मोल ठरवण्याचा अधिकार त्यानंतरचा.