आधी कोणाचं पान?

पंगतीत आधी कोणाचं पान वाढायचं, यावरून आपल्याकडे ठरलेली लग्नं मोडली आहेत. तोच प्रश्न यंत्रालाही पडतो, हे मला भाच्याकडून कळलं. भाचा संगणकात असतो. (म्हणजे संगणकाच्या नोकरीत; पण त्याला हाक मारून बघा, पहिलाच अर्थ खरा वाटेल.)

संगणकात कामं शेकडो आणि प्रोसेसर मोजके. कोणाला केव्हा वाढायचं ते ठरवणारा वाढपी म्हणजे शेड्यूलर. साधा वाढपी सगळ्यांना थोडं थोडं वाढत फिरतो. न्याय न्याय म्हणतात तो हाच, असं कोणीही म्हणेल. पण मोटारीतल्या एअरबॅगला ‘थांबा, तुमचा नंबर येतोय’ म्हणून कसं चालेल? ती सरासरीने वेळेवर उघडते, हे ऐकून कोणाचं समाधान होणार? अशा कामांना ‘रिअल-टाइम’ म्हणतात. त्यांना घाई नसते, वेळ पाळायची असते. हा फरक आमच्या घरात अजून कोणाला पटलेला नाही.

लिनक्समध्ये साध्या कामांना ‘नाइस’ नावाचा एक आकडा असतो, उणे २० ते १९. जो जितका नाइस, तितकं त्याचं पान मागे! शिवाय सामान्य माणसाला आपला चांगुलपणा हवा तेवढा वाढवता येतो. कमी करायचा तर वरून परवानगी लागते. कचेरीत हयात घालवलेल्या मला यात नवीन काही वाटलं नाही.

खटकलं ते पुढचं. चार प्रोसेसर असले तर त्यांतला एक वेगळा काढून ठेवता येतो. नेहमीची कामं त्याच्याकडे पाठवायचीच नाहीत. तिघे घामाघूम, आणि चौथा एका पाहुण्याची वाट बघत बसलेला.

“अरे, हे सोवळं झालं!” मी म्हणालो.

“मामा, आगीचा बंब रिकामा उभा असतो म्हणून त्यातून कोणी भाजी आणतं का?”

उत्तर बिनतोड होतं, म्हणूनच मला आवडलं नाही. बंबाची गरज अख्ख्या गावाला पटलेली असते. इथे ‘माझं काम महत्त्वाचं’ हे पुष्कळदा ते काम लिहिणाराच ठरवतो. आणि आपलं काम बिनमहत्त्वाचं आहे असं लिहून देणारा मनुष्य मी तरी पाहिलेला नाही.

बरं, महत्त्व ठरवूनही भागत नाही. १९९७ च्या जुलैत ‘नासा’चं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं, आणि काही दिवसांनी त्याचा संगणक मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला. भानगड अशी, की हवामानाच्या नोंदी करणारं एक कनिष्ठ काम सामायिक कपाटाची किल्ली घेऊन बसलेलं. एक फार वरचं काम त्या किल्लीसाठी खोळंबलेलं. मधल्या हुद्द्याच्या कामांना किल्लीशी काही कर्तव्य नव्हतं, पण ती कनिष्ठाला बाजूला सारून आपलं उरकत राहिली. त्यामुळे कनिष्ठाला वेळ मिळेना, किल्ली सुटेना, आणि साहेबांचं काम वेळेत झालं नाही असं दिसलं की आतला रखवालदार सगळंच नव्याने सुरू करी. (मधल्या हुद्द्याच्या लोकांनी असं साहेबाला अडवलेलं मी पृथ्वीवरही पाहिलं आहे.)

इलाज पृथ्वीवरून पाठवला गेला. किल्ली हातात असेपर्यंत त्या कनिष्ठाला खोळंबलेल्या साहेबाचा हुद्दा द्यायचा! मी खूश झालो.

“आणि किल्ली ठेवल्यावर?”

“ठेवली की त्याच क्षणी पुन्हा कनिष्ठ.”

“निदान पेन्शन तरी वरच्या हुद्द्याची?”

“मामा, यंत्र आहे ते.”

असेल. पण नियम माणसांनीच केला ना?