पत्रक ‘पोहोचले’ म्हणजे काय?

गेल्या सहा महिन्यांत मलेरियाविषयी एखादा संदेश पाहिला किंवा ऐकला का, हा प्रश्न मलेरिया इंडिकेटर सर्व्हेमध्ये १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारतात. उत्तर ‘हो’ आले तरच तो कुठे, हे पुढे विचारले जाते: रेडिओ, टीव्ही, भित्तिपत्रक, वर्तमानपत्र, माहितीपत्रक की आरोग्यसेविका. नायजेरियात असे सर्वेक्षण २०१०, २०१५ आणि २०२१ मध्ये झाले. जगातल्या मलेरियाच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा त्या एका देशात असतो. छापील संदेश किती जणींपर्यंत पोहोचला, याची टक्केवारी या उत्तरांतून निघते. ‘पोहोचला’ म्हणजे काय, हे मात्र आकड्याच्या आधी ठरायला हवे, आणि तो प्रश्न ज्ञानमीमांसेचा आहे.

न्यायदर्शन शब्दाला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे वेगळे साधन, मानते. पण शब्द डोळ्यांवर पडला एवढ्याने ज्ञान होत नाही. आकांक्षा (शब्दांना एकमेकांची गरज), योग्यता (अर्थांचा मेळ) आणि सन्निधी (शब्दांची सलगता) या अटी पुऱ्या होऊन वाक्याचा अर्थ उमगावा लागतो, शिवाय सांगणारा आप्त, म्हणजे जाणता आणि खरे बोलणारा, असावा लागतो. दवाखान्याच्या भिंतीवर मच्छरदाणीत झोपलेल्या बाळाचे चित्र पाहणारी स्त्री अनुमान करते. खालचा मजकूर वाचणारीला शाब्दबोध, म्हणजे शब्दांतून ज्ञान, होतो. सर्वेक्षणाच्या रकान्यात दोघी सारख्याच.

याहून अवघड मुद्दा स्मृतीचा. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, स्मृतीला प्रमेत, म्हणजे यथार्थ ज्ञानात, धरत नाहीत, कारण ती आधीच्या अनुभवाची उजळणी असते. ही मोजणी तर सगळीच आठवणीवर उभी आहे. एखादीने पत्रकातली गोष्ट इतकी अंगवळणी पाडली की ती कुठून कळली हेच तिला आठवत नाही, तर ते पत्रक सफल होऊनही हिशेबातून गळते. उलट पर्याय एकेक करून वाचून दाखवले की होकार वाढतात. दारी आलेल्या प्रश्नकर्तीला नाराज करू नये म्हणूनही काही जणी होकार देतात. मिळालेला आकडा हा संदेशाच्या प्रवासाचा नसून त्याविषयीच्या साक्षीचा असतो, आणि साक्षीचे मोल असते तेवढेच त्याचे मोल धरावे.

छापील संदेश कळायला वाचता यावे लागते, म्हणून सर्वेक्षणात वाचनक्षमता तपासण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. कमी शिकलेल्या स्त्रीपुढे साध्या वाक्याचे कार्ड धरतात. माध्यमिकच्या पुढचे शिक्षण घेतलेलीला वाचता येते असे गृहीत असते. नायजेरियात प्रश्नावली हौसा, योरुबा आणि इग्बो भाषांत केली जाते, पण देशात पाचशेहून अधिक भाषा आहेत. उत्तरेकडे हौसा अरबी लिपीतही लिहितात. त्या लेखनाला अजमी म्हणतात. कुराणशाळेत ती अक्षरे गिरवलेली स्त्री रोमन लिपीतल्या कार्डापुढे निरक्षर ठरते. हा तिच्यावरचा अन्याय आहे. पत्रक तिच्या लिपीत छापले नाही, ही छापणाऱ्याची उणीव, आणि ती मांडली जाते तिच्या खात्यावर.

छापील संदेश पाहिल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांच्या घरी मच्छरदाणीचा वापर जास्त आढळला, तरी श्रेय पत्रकाला देण्याची घाई नको. संदेश पाहणे आणि मच्छरदाणी वापरणे या दोन्हींच्या मागे शिक्षण, घरची ऐपत आणि शहराची जवळीक असू शकतात. गरोदरपणात तपासणीला नेमाने जाणारीला भिंतीवरचे पत्रकही तिथेच दिसते आणि मोफत मच्छरदाणीही बहुधा तिथेच मिळते.