ठणका कोणाचा?

मराठीत 'दुखणे' हा शब्द दोन ओझी वाहतो. गुडघा ठणकतो तेही दुखणे आणि माणूस अंथरुणाला खिळतो तेही दुखणेच. बेळगावच्या बाजारात भेटणारा आपला कानडी शेजारी मात्र वेदनेला 'नोवु' म्हणतो आणि आजाराला 'रोग'. दोन भाषांच्या उंबऱ्यावर राहणाऱ्यांना असा एखादा शब्द सहज विचारात पाडतो. ठणका थांबला म्हणजे दुखणे गेले, असे आपण जे धरून चालतो त्याचे मूळ या एका शब्दात तर नसेल?

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. त्यामुळे नीतीचा प्रश्न आला तरी आधी शरीरात डोकावण्याची खोड जात नाही. वाचकांनी थोडे सोसून घ्यावे.

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, तापते, सुजते आणि दुखते. ही चार लक्षणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस या रोमन ग्रंथकाराने नोंदवून ठेवली. आपल्या आयुर्वेदातही शोथाचा विचार आहे. आपण या साऱ्याला बिघाड समजतो. वस्तुतः ती दुरुस्तीची धावपळ असते. जखमेकडे जादा रक्त यावे, पांढऱ्या पेशी याव्यात आणि मालकाने तो पाय टेकू नये, यासाठी शरीरानेच केलेली ती व्यवस्था. त्या व्यवस्थेतला एक महत्त्वाचा कारागीर म्हणजे सायक्लोऑक्सिजनेज नावाचे विकर.

त्याची घडण पाहण्यासारखी आहे. सारखेच दोन भाग एकमेकांना टेकून उभे; प्रत्येक भाग म्हणजे सुमारे ६०० अमिनो आम्लांची गुंडाळलेली माळ. हे जोडघर पेशीतल्या पटलाला चिकटून बसते आणि त्याचे दार पटलाच्याच बाजूला उघडते. पटलातून सुटलेले ॲराकिडोनिक आम्ल त्या दारातून एका लांब, अरुंद बोळात शिरते. आत त्याला प्राणवायू जोडला जातो आणि पुढे त्यापासून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ही द्रव्ये रक्तवाहिन्या रुंदावतात, ताप चढवतात आणि वेदनेच्या तंतूंना हळवे करतात. ॲस्पिरिन बाजारात आले १८९९ साली. पण ते प्रोस्टाग्लँडिन बनणेच रोखते, हे इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी दाखवले १९७१ मध्ये. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. ॲस्पिरिन त्या बोळात कायमची खुंटी ठोकते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधे वाट अडवून बसतात आणि काही वेळाने निघून जातात.

गंमत अशी, की जठराचे अस्तर सांभाळणारा आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणारा कारागीरही हाच. याची दोन भावंडे आहेत. एक बहुतेक अवयवांत कायम कामावर, दुसरे मुख्यतः दाहाच्या वेळी बोलावले जाणारे. या दुसऱ्याच्या माळेत ५२३ व्या जागी किंचित लहान अमिनो आम्ल आहे आणि तेवढ्यामुळे बोळाच्या भिंतीत एक कोनाडा तयार होतो. त्या कोनाड्यात नेमके बसणारे औषध केले की पोट वाचेल आणि ठणकाही जाईल, असा हिशेब झाला. हिशेब हुशारीचा होता. पण त्यातले एक औषध, रोफेकॉक्सिब, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असे दिसल्यावर २००४ साली जगभरातून मागे घ्यावे लागले.

याचा अर्थ माणसाने सोसत बसावे असा मुळीच नाही. सोशिकपणाचे, विशेषतः बायकांच्या सोशिकपणाचे, आपल्याकडे फार कौतुक होते; मला ते पटत नाही. निरोप पोचल्यानंतरही दारात ओरडत राहणाऱ्या निरोप्याला गप्प करण्यात पाप कसले? संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या म्हातारीला डॉक्टरांनी गोळी द्यावी, जरूर द्यावी. माझा प्रश्न निराळा आहे. ठणका एकाचा आणि तो थांबवण्याची निकड दुसऱ्याची, असे असेल तर काय म्हणायचे?

नांगरटीच्या दिवसांत बैल लंगडू लागला की सुई टोचून घ्यायची रीत खेडोपाडी पडली. दुसऱ्या दिवशी बैल चालू लागतो. बेंदराला ज्याची शिंगे रंगवली, ज्याला पुरणपोळी चारली, त्याचे दुखणे थांबवले म्हणून मालकालाही बरे वाटते, आणि त्याची माया खोटी नसते. परंतु सांध्यातली इजा जिथल्या तिथे असते. 'पाय टेकू नकोस' असे सांगणारा आवाज तेवढा बंद झालेला असतो, आणि मानेवर जू असते.

या सुईची किंमत तर भलत्यानेच मोजली. माझ्या लहानपणी माळावर ढोर टाकले की घटकाभरात आभाळात गिधाडे घिरट्या घालू लागत. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मेलेल्या जनावराच्या मांसात उरलेले डायक्लोफेनॅक त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील अभ्यासातून २००४ मध्ये दाखवले. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध आहे. तेही याच विकराला अडवते. गुरांना तेच द्यावे, यात वाद नाही. पण गंमत बघा: गिधाड वाचले, कायदा पाळला गेला, आणि सकाळी बैल पुन्हा जुवाखालीच. जे चुकीचे म्हणून आपण बंद केले ते औषध होते. बैलाला दोन दिवस दावणीला बांधून ठेवावे, ही गोष्ट मात्र तशीच मागे राहिली.

बैल मुका आहे, माणसाचे तसे नाही, तो आपला निर्णय आपण घेतो, असे यावर कोणी म्हणेल. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या खोपी उभ्या राहतात. गेल्या हंगामात वेंगुर्ला रस्त्यावरच्या एका औषधाच्या दुकानात तशीच एक बाई गुडघ्याच्या गोळ्या मागत होती. चिठ्ठी नव्हती. गुडघा सुजून लिंबाएवढा वर आलेला. गोळी तिने स्वतः मागितली, पैसे स्वतःचे मोजले; मुकादमाने तिला पाठवले नव्हते. मी आपला मास्तरकीच्या सवयीने बोलून गेलो, "बाई, आधी डॉक्टरांना दाखवा, आणि चार दिवस तरी मोळी उचलू नका."

ती म्हणाली, "उचल घेतलीय बाबा. चार दिवसांचा खाडा कोण भरंल?"