वशिला आणि शिफारस

अरबीतला ‘वसीला’ म्हणजे जवळ पोचण्याचं साधन. धार्मिक संदर्भात तो ईश्वराजवळ नेणारा मार्ग. उर्दूत त्याची अदब अजून शाबूत आहे. मराठीत मात्र त्याचा वशिला झाला, पुढे त्याला ‘बाजी’ चिकटली आणि ‘वशिल्याचं तट्टू’ म्हणून त्याची टिंगलही झाली. शेजारच्या भाषांनी याच गोष्टीकडे आपापल्या बाजूने पाहिलं. हिंदीतल्या ‘भाई-भतीजावादा’त नातं पुढे येतं, गुजरातीतल्या ‘लागवगी’त ओळखीचा जोर. बंगालीतल्या ‘स्वजनपोषणा’त तर पोषण आहे, आपल्या माणसाच्या मुखी घास घालणं. इंग्रजीतला ‘नेपोटिझम’ इटालियनमधून आला, तिथल्या पुतण्या-भाच्यासाठी असलेल्या शब्दावरून. पोप आपल्या पुतण्यांना कार्डिनल करत; १६९२ साली बाराव्या इनोसंटने फर्मान काढून त्याला आळा घातला.

तौलनिक साहित्यात एम.ए. केल्यापासून असे शब्द शेजारी मांडून पाहायची मला सवय आहे. या शब्दांत एक जुना पेच दिसतो. आपल्या माणसाला हात देणं हा प्रत्येक भाषेत सद्गुण आहे. नोकरी देताना तेच केलं की तो अन्याय ठरतो. मग ही रेषा नेमकी कुठे ओढायची?

माझ्यापुरता हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. माझा भाचा बी.फार्म. झाला आणि गेली सहा वर्षं मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी एका औषध कंपनीचा एम.आर. म्हणून काम करतो. एरिया मॅनेजरची जागा दोनदा निघाली. दोन्ही वेळा कंपनीने आतल्या लोकांकडून अर्ज मागवले, मुंबईला मुलाखती घेतल्या. दोन्ही वेळा तो रात्रभर बसने प्रवास करून गेला, आणि दोन्ही वेळा नाव आधीच ठरलेलं होतं. दुसऱ्या वेळी तर ते नाव स्टॉकिस्टच्या दुकानातल्या पोरालाही ठाऊक होतं.

एम.आर.चं नशीब टेरिटरी ठरवते, हे मला त्याच्याकडून कळलं. आधीच्या माणसाने वर्षानुवर्षं डॉक्टर जोडून ठेवलेले असले, तर नवा माणूस पहिल्याच तिमाहीत टार्गेट गाठतो. याउलट जिथे दुसऱ्या कंपनीचा ब्रँड घट्ट रुजलाय, वर्षअखेरीला स्टॉकिस्टच्या गळ्यात मारलेला माल पडून आहे आणि एक्सपायरी होऊन परत येतोय, तिथे राबणारा माणूस शंभर टक्क्यांच्या खालीच राहतो. कोणाला कुठलं हेडक्वार्टर मिळणार हे वरचे मॅनेजर ठरवतात. म्हणजे मर्जी आधी, आकडे नंतर. बढतीच्या वेळी टेबलावर फक्त आकडे असतात. ते खरेही असतात, पण कोणाला कुठली जमीन कसायला दिली होती हे त्यांत लिहिलेलं नसतं.

मॅनेजरची बाजूही नीट ऐकायला हवी. एम.आर. दिवसभर एकटा फिरतो. तो खरंच बारा डॉक्टरांना भेटला की घरी बसून रिपोर्ट भरला, हे रोज कोण तपासणार? अशा कामात विश्वास हीच मोठी पात्रता, आणि विश्वास बायोडेटावरून येत नाही, सहवासातून येतो. शिवाय ओळखीतून नोकरी मिळणं हे मुळातच पाप नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली अमेरिकेतल्या एका उपनगरातल्या नोकरदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती, आणि ती ओळखही बहुधा लांबची होती. लांबची ओळख कामी येते, कारण ती आपल्याला माहीत नसलेली बातमी आणते.

इथेच मला फरक करावासा वाटतो. ओळखीतून माहिती जाते तेव्हा ती शिफारस. ओळखीतून वजन जातं तेव्हा तो वशिला. ‘हा मुलगा पावसातही वाडी-वस्तीवरचा दवाखाना चुकवत नाही’ ही माहिती आहे. ती खरी की खोटी हे तपासता येतं. ‘हा आपला माणूस आहे’ यात तपासण्यासारखं काहीच नाही.

महाराष्ट्रात ‘आपला माणूस’ म्हणताना बऱ्याचदा गावाआधी आडनाव पाहिलं जातं. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फक्त नावं वेगळी. सवर्ण हिंदू नावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं कमी आलं. तिथे कोणी कोणाला फोन केलेला नव्हता. ‘आपलेपणा’ नुसत्या कागदावरही काम करतो, तर फोनवर किती करत असेल!

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. राज्यघटनेच्या सोळाव्या कलमातली समान संधी सरकारी नोकरीपुरती आहे. विक्री प्रतिनिधींसाठी १९७६ साली झालेल्या कायद्याने नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं. नेमणूक कशी करावी हे मालकावर सोडलं. जागा मालकाची, त्याने कोणालाही द्यावी, असं म्हणणारे भेटतात. क्षणभर ते मान्य करू. मग मुलाखत कशासाठी? ज्या मालकाला जागा पुतण्याला द्यायची आहे त्याने ती सरळ द्यावी. उरलेल्यांना इस्त्रीचा शर्ट घालून बोलवायचं, ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता’ असं विचारायचं आणि निकाल खिशात ठेवायचा, यात त्या माणसांची आशा फुकट वापरली जाते. पक्षपाताला न्यायाचा दाखला हवा असतो, आणि त्यावर हरणाऱ्याचीच सही घेतली जाते. भाच्याला पद गेल्यापेक्षा हे अधिक लागलं, असं मला वाटतं.

कांटने १७९५च्या ‘चिरंतन शांतते’वरच्या निबंधात एक कसोटी दिली आहे: इतरांच्या हक्कांना भिडणारं जे कृत्य उघडपणे जाहीर केल्यास टिकू शकत नाही, ते अन्यायाचं. ‘निवड आधीच झाली आहे, तरी या’ असं पत्र कंपनी पाठवू शकेल का? पण ही कसोटी एकटी पुरत नाही. ‘आम्ही आमच्याच जातीचे घेतो’ असं छातीठोकपणे सांगणाराही असतो. म्हणून दुसरा प्रश्नही विचारावा लागतो: जे सांगितलं जातंय त्याचा कामाशी संबंध काय?

ज्याला जागा मिळाली त्याच्याविषयीही भाच्याने एकदा सांगितलं. तो मीटिंगमध्ये साहेबांच्या आधी हसत नाही आणि साहेबांच्या नंतर थांबत नाही. टार्गेट अशक्य आहे हे ठाऊक असून मान डोलावतो. पगार कंपनीचा असला तरी त्याच्यावरचं ऋण एका माणसाचं आहे, आणि ते फिटल्याची पावती कधीच मिळत नाही.

या धंद्याची एक गंमत आहे. डॉक्टरला भेटी देऊन औषध लिहून घेऊ नये म्हणून केंद्र सरकारने २०२४ साली औषध कंपन्यांसाठी विपणनाची आचारसंहिता आणली. डॉक्टरने मर्जीने औषध लिहिलं तर रोग्याचं नुकसान होतं हे आपल्याला पटतं. मॅनेजरने मर्जीने माणूस नेमला तर कोणाचं नुकसान होतं, याचा हिशेब कोणी मागत नाही.

आता माझ्यापुढचा पेच. माझा एक शाळासोबती दुसऱ्या कंपनीत रीजनल मॅनेजर आहे. बहिणीचं म्हणणं, ‘एक फोन कर. सगळेच करतात.’ सगळे करतात म्हणून न करणाऱ्याचा मुलगा मागे पडतो, हे तिचं म्हणणं खोटं नाही. नीतीची किंमत मी ठरवायची आणि ती भाच्याने मोजायची, हेही बरोबर नाही.

मी फोन केला नाही, पत्र लिहिलं. दम्याच्या इन्हेलरची माहितीपत्रकं मी मराठीत करत होते, तेव्हा ‘श्वास रोखून धरा’ हे वाचून खेड्यातला म्हातारा काय करतो हे त्याने मला समजावलं होतं आणि माझी तीन वाक्यं बदलायला लावली होती. तेवढंच लिहिलं. तो माझा भाचा आहे हे पहिल्याच ओळीत लिहिलं. इतर उमेदवारांसमोर मोठ्याने वाचलं तरी चालेल असं ते पत्र आहे.

तरी एक गोष्ट सुटत नाही. ज्याची मावशी पत्रकं अनुवादत नाही, जिचा कोणी शाळासोबती मॅनेजर नाही, तो मुलगाही त्याच मुलाखतीला येणार आहे. माझ्या पत्राने त्याच्यावर अन्याय होत नसेल, पण त्याला असं पत्र कोण देणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. भाच्याने पत्र वाचून विचारलं, ‘मावशी, एवढ्याने काम होईल?’ होईलच असं मला सांगता आलं नाही. पत्र त्याने अर्जाला जोडलं आहे.