गुडघा आणि गुणपत्रिका

मराठी मध्यमवर्गीय माणसाला पाठीशी काहीतरी लागतं. समोर काय आहे याची त्याला फारशी फिकीर नसते. पण पाठीशी काय आहे हे तो दर पाच मिनिटांनी वळून बघतो. मुलगा गाणारा निघो, नट निघो की कबड्डी खेळणारा, "काय हवं ते कर बाबा, पण आधी पाठीशी डिग्री असू दे" हे वाक्य कानावर पडल्याशिवाय त्याला मिसरूड फुटत नाही. आपल्याकडे डिग्री पुढे जाण्यासाठी घेतच नाहीत. टेकण्यासाठी घेतात. लोडासारखी!

आम्हा नाशिककरांचं तर विचारूच नका. बाहेरच्या लोकांचं मोक्षस्थान रामकुंडावर असेल. जुन्या नाशिककराचं मोक्षस्थान नाशिकरोडला होतं. तिथं १९२८ साली नोटांचा छापखाना सुरू झाला आणि 'प्रेसमध्ये लागला' या दोन शब्दांनी कित्येक मुलांची लग्नं जमली. जिथं नोटा छापतात तिथंच नोकरी, म्हणजे पगार थकायची भीती नाही, असा आमच्या एका मावशीचा हिशेब होता. पुढे ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूरला मायको आली आणि मोक्षाला शाखा फुटल्या.

खेळाडूंचीही तेव्हा सोय लागलेली होती. खेळावं, नाव काढावं आणि त्या नावावर बँकेत, रेल्वेत नाहीतर पोलिसांत चिकटावं. १९७१ साली वेस्ट इंडिजला आणि इंग्लंडला त्यांच्या घरी जाऊन हरवणारा आपला कप्तान अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला होता. गावसकर निरलॉनमध्ये. कसोटी हा प्रकार हक्काच्या रजेसारखा होता. खेळ हे वेड, नोकरी हे शहाणपण. आणि दोघं एका घरात गुण्यागोविंदानं नांदत होती.

मग लिलाव आला. लिलाव हा शब्द पूर्वी आमच्या घरात दोनच प्रसंगी निघायचा: एक लासलगावच्या कांद्याचा आणि दुसरा कर्जबाजारी माणसाच्या घराचा. त्यात माणसं बसतील असं कोणाच्या स्वप्नात नव्हतं. २००८ मध्ये क्रिकेटवाले बसले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि चक्क कबड्डीवाले बसले! त्या पहिल्या लिलावात सगळ्यांत महाग गेला राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. २०२३ मध्ये पवन सेहरावत गेला २ कोटी ६० लाख ५० हजारांना. नऊ वर्षांत हा भाव! आमच्या निफाडकडच्या नातेवाइकांनी हे ऐकून नुसता सुस्कारा सोडला. पण भाव चढतो तसा पडतोही, हे कांदेवाल्याला शिकवावं लागत नाही. चंदगड तालुक्यातला आपला सिद्धार्थ देसाई २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाखांना गेला, आणि पुढे खांदा दुखावला तेव्हा त्याला मोसम अर्ध्यावर सोडावा लागला. कांद्याला निदान खांदा तरी नसतो. (तो २०२३ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि १ कोटीला गेला, हेही सांगायला हवं.)

हे सगळं लांब कुठंतरी चाललेलं असतं तर चहाबरोबर चघळायला बरं होतं. पण ते घराजवळ आलं. मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटण विजेती ठरली. तिचा कप्तान अस्लम इनामदार आमच्या शेजारच्या जिल्ह्यातला आणि संघात नाशिकचा आकाश शिंदे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेद्दाहला झालेल्या क्रिकेटच्या लिलावात नाशिकचाच रामकृष्ण घोष चेन्नईनं ३० लाखांना घेतला. तिथंच बिहारचा तेरा वर्षांचा वैभव सूर्यवंशी १ कोटी १० लाखांना गेला. तेराव्या वर्षी आमची किंमत आमच्या वडिलांनी वारंवार केली होती, पण ती आकड्यांत नव्हती.

आणि मग तो पेच आमच्या बिल्डिंगमध्येच आला. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा, एकोणीस वर्षांचा, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. चढाईला उतरला की गंगापूर रोडवरच्या रिक्षासारखा. कुठून घुसेल आणि कुठून निसटेल, पोलिसालाही सांगता यायचं नाही. त्याला एका संघानं शिबिराला बोलावलं. नव्या पोरांना घेतात तसं, करार होण्याची आशा धरून. शिबिर, मग स्पर्धा, म्हणजे बरेच महिने कॉलेजला रामराम. हजेरीचा नियम पंचाहत्तर टक्क्यांचा. कबड्डीत एका मिनिटात दोन चढाया होतात. विद्यापीठात दोन वर्षांत एक अर्ज हलतो. दोन्ही जमायचं कसं? कॉलेज सोडायचं की संधी सोडायची?

झालं, बिल्डिंगची सभा भरली. गच्चीवरच्या टाकीच्या गळतीसाठी कधी कोरम भरला नाही, पण दुसऱ्याच्या मुलाच्या भवितव्यासाठी खुर्च्या कमी पडल्या. निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये." विम्याचे एजंट म्हणाले, "अहो, धोनीनं रेल्वेतली टीसीची नोकरी सोडली म्हणून तर धोनी झाला!" आता धोनीनं खरगपूरची नोकरी सोडली हे खरंच आहे. पण नोकरी सोडून धोनी न झालेले किती, त्यांची यादी मात्र कोणी छापत नाही. ते बिचारे आपापल्या गावी 'मी तेव्हाच म्हटलं होतं' हे वाक्य ऐकत जेवत असतात.

मुलाचे वडील प्रेसमधले. आयुष्यभर नोटा पाहिलेले. ते एवढंच म्हणाले, "पैशाचं मला सांगू नका. नोटा मी रोज हजारांनी बघितल्या. एकही माझी नव्हती." यावर विम्याचे एजंटसुद्धा गप्प बसले.

मुलगा म्हणाला, "काका, डिग्री थांबेल. गुडघा थांबणार नाही."

मला ते वाक्य फार आवडलं. पण आवडलेलं वाक्य खरंच असतं असं नाही, म्हणून मी विचार करत राहिलो.

हा पेच काही आमच्या बिल्डिंगनं शोधून काढलेला नाही. अमेरिकेत कॉलेजातले बास्केटबॉलवाले गेली पन्नासएक वर्षं याच खुर्चीत बसलेत. तिथं पूर्वी नियम होता: शाळा संपल्यावर चार वर्षं झाल्याशिवाय व्यावसायिक संघात यायचं नाही. स्पेन्सर हेवूड नावाचा एक गरीब घरचा मुलगा, ज्याची आई मिसिसिपीत कापूस वेचायची, त्याचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७१ मध्ये कौल त्याच्या बाजूनं लागला. मग काही वर्षं तिथं अशी पद्धत होती की घरची परिस्थिती हलाखीची असल्याचं दाखवलं तर कॉलेज मध्येच सोडून येता येई. म्हणजे उत्पन्नाचा दाखला! आपल्या तहसील कचेरीचा विजय असो, तो थेट बास्केटबॉलच्या मैदानापर्यंत पोचला होता. १९७६ मध्ये ती अट गेली, आणि २००५ मध्ये वयाची आली: निवडीच्या वर्षात एकोणीस पूर्ण व्हायला हवीत आणि शाळा संपून एक वर्ष झालेलं हवं.

त्या मधल्या मोकळ्या काळात दोन मुलं शाळेतून थेट गेली. १९९६ मध्ये कोबी ब्रायंट. वय सतरा, म्हणून करारावर आईवडिलांना सह्या कराव्या लागल्या. आणि १९९८ मध्ये कॉर्लिऑन यंग. पहिल्यानं पाच अजिंक्यपदं मिळवली. दुसरा उण्यापुऱ्या तीन सामन्यांत खेळला आणि त्या स्पर्धेपुरता त्याचा खेळ संपला. आता मला सांगा, दोघांच्या निर्णयात फरक काय होता? दोघांनी तेच दार उघडलं, तेच पाऊल टाकलं. पण पहिल्याला आपण म्हणतो धाडस आणि दुसऱ्याला अविचार.

मला खटकतं ते इथं. कृती एक, नावं दोन. आणि नाव ठेवायचं ते बारसं मात्र निकाल लागल्यावर! परीक्षेचा पेपर तोच, उत्तर तेच, पण गुण द्यायचे ते विद्यार्थी पुढे मोटार घेतो की सायकल यावर. असा परीक्षक असता तर आपण मोर्चा काढला असता. पण आयुष्याच्या परीक्षेत आपण सगळेच तसले परीक्षक आहोत. 'यश आलं म्हणजे निर्णय बरोबर' ही आपली नीती नव्हे. लॉटरीवाल्याचा धंदा आहे हा, फक्त आपण त्याला अनुभवाचे बोल म्हणतो.

मग निर्णय चांगला की वाईट, हे ठरवायचं कशावरून? मला वाटतं, निकालाच्या आधी जे दिसतं त्यावरून. पोरानं समजून उडी मारली की टाळ्यांच्या आवाजात? हिशेब त्याला कोणी खरा सांगितला की फक्त लिलावातले वरचे आकडे दाखवले? आणि ढकलणाऱ्यांपैकी किंवा अडवणाऱ्यांपैकी कोण, त्याचं चुकलं तर, त्याच्या शेजारी उभं राहणार आहे? आम्ही सभेला जमलेले चौदा जण सल्ला देत होतो. पण त्यातल्या एकाचाही गुडघा पणाला लागलेला नव्हता. (तसे आमचे गुडघे कामातून गेलेलेच आहेत, पण ते जिन्यामुळे.) ज्याला किंमत मोजायची नाही त्याचा सल्ला नेहमीच ठाम असतो. एजंटांचा "उडी मार" जेवढा फुकट, तेवढाच हेडमास्तरांचा "बस खाली" फुकट.

उलट बाजूही आहे. टिम डंकन नावाच्या खेळाडूनं आईला शब्द दिला होता, डिग्री पुरी करीन. तो चौदाचा व्हायच्या आतच ती गेली. पुढे संघ दारात उभे असताना हा चारही वर्षं कॉलेजात बसला, डिग्री घेतली आणि १९९७ मध्ये सगळ्यांत आधी निवडला गेला. शकील ओ'नील मात्र १९९२ मध्ये कॉलेज मध्येच सोडून गेला, आणि डिसेंबर २००० मध्ये, सगळी कीर्ती पायाशी असताना, एका सामन्याची सुट्टी काढून पदवी घ्यायला परत आला. सात फूट एक इंच माणसाच्या मापाचा गाऊन शिवणाऱ्या शिंप्याला माझा दंडवत! एकानं आधी अभ्यास केला, दुसऱ्यानं नंतर. मला दोघंही आवडतात, कारण दोघांनीही पुस्तकाशी भांडण केलं नाही. एक थांबला, दुसरा परत आला.

परत येणं. अहो, हा तर अस्सल कबड्डीचा मुद्दा आहे! चढाई करणाऱ्यानं समोरच्या चौघांना हात लावला तरी मध्यरेषेला परत टेकल्याशिवाय त्याला एक गुणही मिळत नाही. जाण्याचं कौतुक नाही, परतण्याचं आहे. आणि त्याहून मोठं शहाणपण त्या खेळात आहे: बाद झालेला गडी कायमचा बाद नसतो. आपल्यातल्या दुसऱ्या कोणी गडी मारला की तो पुन्हा जिवंत होऊन आत येतो. जगात इतका दयाळू नियम मी दुसरीकडे पाहिला नाही, निदान आयकर खात्यात तरी नाही. पण बघा, तो आपल्या बळावर जिवंत होत नाही. आत उरलेल्यांनी त्याच्यासाठी खेळावं लागतं.

सभा आटोपली ती त्या मुलाच्या आईमुळे. ती तासभर चहा देत फिरत होती आणि कोणीच तिला काही विचारलं नव्हतं. शेवटी कप गोळा करता करता म्हणाली, "जायचं तर जाऊ दे. पुस्तकं मी माळ्यावर ठेवते. रद्दीत नाही देणार." आणि मुलाकडे वळून, "पण तूही मनातून ती रद्दीत देऊ नकोस."

चौदा जणांच्या तासाभराच्या चर्चेत नव्हतं ते या दोन वाक्यांत होतं. तिनं जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. परतीची वाट तेवढी झाडून ठेवली. आणि नाशिकमध्ये राहून ही वाट बंद आहे असं कोणी म्हणूच नये. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघालं आणि त्याचं मुख्य ठाणं आपल्याच नाशिकात, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. शिकणं मध्येच सुटलेल्यांसाठीच ते आहे, तिथं बी. कॉम. करायला गुडघा धड लागत नाही.

मुलगा शिबिराला गेला. पुढं काय होईल ते मला माहीत नाही, आणि खरं सांगू? तो योग्य वागला का, हे ठरवायला मला ते माहीत असण्याची गरजही वाटत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र दोन वाक्यं इस्त्री करून तयार आहेत: निवड झाली तर 'मला आधीपासूनच खात्री होती', आणि नाही झाली तर 'मी तेव्हाच म्हटलं होतं'.

पुस्तकं माळ्यावर राहू देत. रद्दीत घालायचंच असेल तर आपण ही दोन वाक्यं घालावीत. भाव फारसा येणार नाही, पण घरात जागा होईल.