दांडीचे गुरुत्व आणि तोलाचा ठाव

वजन वस्तूत असते हे सहज पटते. तोल कोठे असतो हे मात्र तितक्या सहज सांगता येत नाही. अकूस्टिक गिटार, म्हणजे विजेच्या साहाय्यावाचून केवळ लाकडी पेटीच्या कंपनाने वाजणारी गिटार, मांडीवर ठेवली असता तिची लांब दांडी खाली झुकू लागली, तर वादकाच्या डाव्या हाताला तारा दाबण्याच्या कामाबरोबरच दांडी उचलून धरण्याचे कामही करावे लागते, आणि या दुहेरी श्रमाने बोटांची चपळाई उणावते. अशा वाद्याला दांडीकडे जड म्हणतात. तथापि काट्यावर ते उत्तम तोल असलेल्या दुसऱ्या गिटारइतकेच भरू शकते. मग या दोन वाद्यांत जो भेद आहे, तो त्यांच्या एखाद्या गुणाचा भेद आहे, की आणखी कशाचा?

वैशेषिक दर्शनाने या प्रश्नाच्या पूर्वार्धाचा बारकाईने विचार केलेला आहे. कणादाच्या सूत्रांत सतरा गुण गणलेले असून प्रशस्तपादाने त्यांत आणखी सात गुणांची भर घातली, आणि त्या सातांत गुरुत्व, म्हणजे जडपणा, येते. गुरुत्व पृथ्वी आणि जल या दोनच द्रव्यांत राहते, ते पतनाचे कारण आहे, ते इंद्रियांना थेट दिसत नाही आणि पडण्याच्या क्रियेवरूनच त्याचे अनुमान होते, असे प्रशस्तपाद मानतो. पतन नेहमीच घडत नाही, याचे कारणही तेथेच दिलेले आहे: संयोग, म्हणजे दोन वस्तूंचा परस्परसंबंध, आणि प्रयत्न, म्हणजे चेतन प्राण्याची खटपट, ही गुरुत्वाला अडवितात. दांडीकडे जड असलेल्या गिटारमध्ये हे दोन्ही अडसर वेगवेगळे ओळखता येतात, कारण मांडीचा आधार हा संयोग आहे आणि डाव्या हाताची ओढ हा प्रयत्न; ज्या वाद्यात संयोग पुरतो आणि प्रयत्नाची गरज उरत नाही, त्यालाच वादक तोलदार म्हणतो. चोवीस गुणांच्या यादीत तोल नाही, आणि तो नसणे हे यादीचे न्यून मानण्याचे कारण दिसत नाही.

कारागिराच्या बाजूने पाहिले तर हिशेब असा पडतो. गिटार मांडीवर टेकते ती पेटीच्या कंबरेशी; तेथून दांडीच्या टोकाचे शीर्ष, ज्यावर तारा ताणणाऱ्या खुंट्या बसतात, ते सुमारे 70 सेंटीमीटरवर असते आणि पेटीचे मागचे टोक सुमारे 25 सेंटीमीटरवर. वजनाचा प्रभाव अंतराच्या पटीत वाढत असल्याने शीर्षावरील 100 ग्रॅम तोलण्यासाठी मागच्या टोकाला 280 ग्रॅम घालावे लागतात, आणि ज्या क्लासिकल गिटारचे सगळे वजन दीड किलोच्या आसपास असते, तिच्यात ही भर मोठी ठरते. काही कारागीर मागच्या ठोकळ्यात धातू दडवून हा प्रश्न सोडवितात. हा उपाय चुकीचा नाही, पण त्यात एका अनावश्यक जडपणाची फेड दुसऱ्या, अधिक मोठ्या जडपणाने केली जाते, आणि दोहोंचे ओझे अखेर मांडीवरच येते. म्हणून जाणते कारागीर मागे भर घालण्याआधी पुढे काय काढता येईल ते पाहतात.

काढण्याजोगे पुष्कळ असते. स्पॅनिश परंपरेत दांडीसाठी ‘स्पॅनिश सीडर’ हे लाकूड रूढ झाले, ज्याचे वजन घनमीटरला साधारणपणे 450 ते 500 किलो भरते. पोलादी तारांच्या गिटारला बहुधा महोगनी वापरतात, ती काहीशी जड, आणि कठीण मेपल सुमारे 700 किलोचा. स्पॅनिश सीडर आणि महोगनी ही दोन्ही झाडे कडुनिंबाच्या कुळातील आहेत, आणि मिरजेच्या सतारी व तंबोरे ज्या तुनाच्या लाकडाचे घडतात, तो तूनही त्याच कुळातला, इतकेच नव्हे तर वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी त्याला स्पॅनिश सीडरच्याच गणात घालीत. हलके, सरळ रेषांचे आणि हवेच्या ओलाव्याने फारसे न वळणारे लाकूड शोधणारे दूरदूरचे हात एकाच कुळापाशी पोहोचले. तारांखाली बसणारी एबनीची पट्टी घनमीटरला हजार किलोच्या जवळ जाते, त्यामुळे तिच्या जाडीतला एखादा मिलिमीटरही जाणवतो. दांडीच्या आत बसविलेला पोलादी ट्रस रॉड, म्हणजे तारांच्या ओढीने दांडी वाकू नये म्हणून घातलेली समायोज्य सळई, हा आणखी एक भार आहे. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना तिचे पेटंट 1923 मध्ये मिळाले, आणि आज काही कारागीर तिच्या जागी किंवा जोडीला कार्बन फायबरच्या हलक्या पट्ट्या घालतात. मात्र सर्वांत दूर, म्हणून सर्वांत प्रभावी, त्या खुंट्याच. जुन्या फ्लामेंको गिटारला व्हायोलिनसारख्या साध्या लाकडी खुंट्या असत; ते वाद्य उजव्या मांडीवर पेटीचा मागचा भाग टेकवून, दांडी उंच ठेवून वाजवीत, आणि त्या बैठकीत शीर्षाचा हलकेपणा फार उपयोगी पडे. बंद पेटीतील धातूच्या गियरखुंट्या बसविल्या की तेच वाद्य निराळे वागते.

निराळे वागते, पण त्याचे लाकूड तर तेच असते. येथे अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि त्या भागांपासून निर्माण झालेली समग्र वस्तू, यांविषयीचा जुना वाद उपयोगी पडतो. नैयायिकांच्या मते अवयवी हा अवयवांहून वेगळा पदार्थ आहे. त्यावर बौद्धांचा आक्षेप असा की तसे असेल तर काट्यावर भागांचे वजन आणि शिवाय समग्राचे वजन असे दुप्पट भरले पाहिजे. उद्योतकराच्या न्यायवार्तिकात या आक्षेपाचा परामर्श घेतलेला असून, समग्राला वगळून केवळ भाग असे काट्यावर कधी ठेवताच येत नाहीत, या धर्तीचे उत्तर तेथे सापडते. वजनापुरते हे उत्तर थोडे निसटते वाटते. तोलाच्या बाबतीत मात्र नैयायिकांची बाजू बळकट होते, कारण दांडी, पेटी आणि खुंट्या बाकावर सुट्या मांडल्या असता त्यांपैकी एकीलाही तोलदार किंवा बेतोल म्हणता येत नाही. ते बोलणे जोडलेल्या वाद्यापासूनच सुरू होते. 1929 मध्ये बँजोवादक पेरी बेक्टेल यांच्या मागणीवरून मार्टिन कंपनीने दांडी बाराव्याऐवजी चौदाव्या पडद्यापाशी पेटीला जोडणारे प्रारूप बनविले, तेव्हा भाग जवळपास तेच राहून शीर्ष सुमारे साडेतीन सेंटीमीटर पुढे गेले, आणि त्या अंतरानेच दांडीचा भार वाढविला.

आता समग्र गिटारमध्ये तरी तोल राहतो काय? पट्टा लावून उभ्याने वाजविताना आधाराचे बिंदू बदलतात आणि मांडीवर शांत राहिलेली दांडी झुकू लागते. सतारीचे उदाहरण याहून स्पष्ट आहे, कारण वादकाची उजवी कोपरापुढची बाजू भोपळ्यावर दाबून राहिली नाही, तर डावा हात मींड ओढण्यास मोकळा होतच नाही. तेथे तोलात वादकाचे शरीरच एक अवयव झालेले असते. तारांच्या ताणाची उपमा देऊन सांगितलेला बुद्धाचा मध्यम मार्ग येथे लागू पडत नाही, कारण ताण खुंटी पिळून केव्हाही कमीजास्त करता येतो आणि दोन टोकांमध्ये त्याचे योग्य मान असते. दांडीच्या भाराला मात्र असे मधले मान नाही, तेवढाच भार एका बैठकीत योग्य आणि दुसरीत अयोग्य ठरतो.

यावरून तोल हा गुण नसून अभाव आहे, असे म्हणणे अधिक युक्त ठरते. न्यायशास्त्रात अभाव हा स्वतंत्र पदार्थ असून त्याला नेहमी प्रतियोगी असतो, म्हणजे ज्याचा अभाव आहे अशी निश्चित वस्तू. येथे तो प्रतियोगी म्हणजे विशिष्ट बैठकीत होऊ पाहणारे दांडीचे पतन. प्राभाकर मीमांसक अर्थातच हे मान्य करणार नाहीत. घट नसलेली जमीन म्हणजे केवळ जमीन, तसे न झुकणारी गिटार म्हणजे मांडीवरची गिटार, त्यापलीकडे अभाव नावाचे काही नाही, असे ते म्हणतील. या मताला एक अडचण येते: मांडीवरची गिटार झुकत असतानाही मांडीवरचीच असते, आणि दोन्ही स्थितींतला जो फरक वादकाच्या मनगटाला तत्काळ कळतो, त्याला केवळ अधिष्ठानाच्या नावाने ओळखता येत नाही. तोल अभावरूप असल्यामुळेच कारागीर तो लाकडात कोरू शकत नाही. त्याला शीर्षाची जाडी ठरविण्यापूर्वी कोणत्या खुंट्या बसणार आणि वादक कसा बसणार हे विचारावे लागते, आणि काही वर्षांनी वादकाने हौसेने जड खुंट्या बसवून घेतल्या, तर कारागिराने घडविलेल्या एकाही भागात बदल न होता तो अभाव नाहीसा होतो.