दारातील गर्दी

शास्त्रपाठ : मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय २, वचने १ ते १२.



जून महिना आला म्हणजे आपल्या खेड्यांतील मंडळ्या दोन गोष्टींची वाट पाहतात. एक पावसाची व दुसरी मुलांच्या निकालाची. निकाल लागला की सिन्नर, दिंडोरी, निफाड, येवले ह्या बाजूंची काही मुले पेटी व वळकटी घेऊन नाशिकास कॉलेजात जावयास निघतात. आई पाठीवरून हात फिरविते, बाप पैसे पुन्हा एकदा मोजून हातात ठेवितो, आणि उपदेशक प्रार्थना करून सांगतो, “बाळा, रविवारची उपासना चुकवू नकोस.” हा उपदेश चांगला आहे. परंतु तो पुरेसा आहे काय, ह्याचा आपण आज विचार करू.

कफर्णहूमातील ती गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. प्रभु घरी आहे असे कळताच लोक इतके जमले की दारातही जागा उरली नाही. तेव्हा चौघांनी एका पक्षाघाती मनुष्यास बाजेवर घालून आणिले. दारातून वाट मिळेना, म्हणून ते छपरावर चढले. ज्याने धाब्याच्या घराची माती उकरली आहे त्यास हे काम किती कष्टाचे ते सांगावयास नको. त्या चौघांची आपण नेहमी वाखाणणी करितो, व ती योग्यच आहे. परंतु दारातील गर्दीकडे आपण सहसा पाहत नाही.

ती गर्दी कशाची होती? बाजाराची नव्हती, तमाशाचीही नव्हती. ते लोक प्रभूचे वचन ऐकावयास आले होते. शास्त्री निंदा करावयास बसले होते हे खरे. परंतु सगळेच तसे नव्हते. पुष्कळजण मनापासून आले असतील. तरीही दुखणाईत दाराशी आला तेव्हा कोणी बाजूला सरले नाही. त्यांची तोंडे प्रभूकडे होती व पाठी त्या दुखणाइताकडे होत्या. बंधूंनो, मनुष्य चांगल्या कामात गुंतलेला असूनही दार अडवून उभा राहू शकतो.

हे मी इतरांविषयी बोलत नाही. मी स्वतः त्या गर्दीत उभा होतो. मी कॉलेजात शिकत होतो त्या वेळची गोष्ट. आमच्याच तालुक्यातला, आमच्याच मंडळीतला एक मुलगा त्याच वसतिगृहात राहत असे. डिसेंबरातील एका सोमवारी त्यास ताप आल्याचे कळले. मी निरोप पाठविला, “उद्या येतो.” त्या संध्याकाळी नाताळच्या गीतांची तालीम होती. मंगळवारी निबंध पुरा करावयाचा होता. बुधवारी ख्रिस्ती विद्यार्थ्यांची प्रार्थनासभा होती. ती मीच चालवीत असे. त्या सभेत मी त्या मुलाचे नाव घेऊन प्रार्थना केली, आणि सभा आटोपल्यावर त्याच्या दारावरून पुढे निघून गेलो. गुरुवारी मित्रांनी चहास नेले. शुक्रवारी स्नेहसंमेलन. शनिवारी रविवारच्या शाळेचा धडा तयार करीत बसलो. त्या आठवड्यात मी कोणतेही वाईट काम केले नाही, हेच माझे दुर्दैव. कारण एखादे वाईट काम केले असते तर मन लवकर टोचले असते.

रविवारी उपासनेनंतर मी त्याच्या खोलीवर गेलो. खाट रिकामी होती. त्याच्या खोलीत राहणारा हिंदू विद्यार्थी चादरीची घडी घालीत होता. त्याने पाच रात्री जागून काढिल्या होत्या, पेज आणून पाजिली होती, दवाखान्यात नेले होते, व शेवटी बापास निरोप धाडिला होता. आदल्या संध्याकाळी बाप मुलास गावी घेऊन गेला. मी काय बोलावे ते मला सुचेना. तो न रागावता एवढेच म्हणाला, “तुमच्या चर्चचे कोणी येईल असे तो म्हणत होता. पायरव ऐकला की दाराकडे पाही.”

तो मुलगा बरा झाला, परंतु त्याचे वर्ष बुडाले आणि तो पुन्हा कॉलेजात आला नाही. पुढे मी त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याने ती दिली. तथापि दाराकडे लागलेली ती दृष्टी आजही, मी उपदेशास उभा राहिलो म्हणजे, मला आठवते. त्या हिंदू मित्राने बाजेचे चारही कोपरे एकट्याने उचलिले होते. प्रभूचे नाव माझ्या तोंडी होते, व प्रभूचे काम त्याच्या हाती होते.

ह्याच नाशिकाच्या मातीत मित्रांनी ओझे उचलल्याचे एक जुने उदाहरण आहे. ते आपल्या मुलांस अवश्य सांगावे. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकाजवळ शरणपूर वसविले. आज ते नाव शहरातील एका गजबजलेल्या रस्त्यास आहे. तेथे पुढे गुलामांच्या गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांसही आश्रय मिळाला. आईबाप, गाव, भाषा, सर्व काही हरवून आलेली ती मुले. त्यांस लिहिणे, वाचणे व हातचे धंदे शिकविले, आणि त्यांनी एकमेकांस भाऊ मानिले. त्यांतील नऊ जण डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांच्याबरोबर आफ्रिकेत गेले, व ती मंडळी १८६६ साली आतील मुलखात शिरली. नऊपैकी काहींनी वाटेत साथ सोडिली, हे लपवावयास नको. परंतु एडवर्ड गार्डनर शेवटपर्यंत राहिला. १८७२ साली शरणपूरची आणखी काही मुले त्यांस जाऊन मिळाली. त्यांत याकोब वेनराइट हा तरुण होता.

मे १८७३ च्या आरंभी लिव्हिंग्स्टन चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी मरण पावले. त्या वेळी त्या लोकांना कोण अडविणार होते? देह तेथेच पुरून ते आपापल्या वाटेने गेले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी आपल्या मित्राचे हृदय एका झाडाखाली पुरले. याकोबाने तेथे दफनविधीची प्रार्थना वाचिली व झाडावर नाव कोरिले. मग सुसी व चुमा ह्यांच्या पुढारपणाखाली त्या सर्वांनी तो देह खांद्यावर घेऊन हजार मैलांहून अधिक वाट तुडविली, व १८७४ च्या फेब्रुवारीत समुद्र गाठिला. त्यांतील चुमा हाही आपल्या मुंबईत डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेत शिकलेला होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनातील वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत शरणपूरचा याकोब होता.

पाहा, त्या शाळेने त्यास पदवी दिली नव्हती. तिने त्यास वाचणारे तोंड दिले व ओझे वाहणारा खांदा दिला. आपण आपल्या मुलांस नाशिकास धाडितो ते केवळ पहिल्यासाठी धाडितो काय?

म्हणून, आईबापांनो, मुलगा सुटीत घरी आला म्हणजे गुण किती मिळाले व उपासना किती चुकल्या एवढेच विचारू नका. “तुझे मित्र कोण? त्यांतील कोण दुखणाईत आहे, कोण उपाशी आहे, कोण एकटा आहे?” हेही विचारा. त्याचा मित्र अन्य धर्माचा असेल तर भिऊन त्यास तोडावयास सांगू नका. त्यास घरी बोलवा, जेवू घाला; आपणही त्यापासून काही शिकाल.

विद्यार्थ्यांनो, तुमचा आठवडा भरलेला आहे हे मी जाणतो. व्याख्याने, परीक्षा, खेळ, मंडळीचे काम, आणि हातातील फोनवर येणारे निरोप. ह्यांतील पुष्कळ चांगले आहे. ते टाकू नका. परंतु पाठ वळवून दाराकडे पाहा. ज्याचे नाव तुम्ही प्रार्थनेत घेतले त्याच्या खोलीवर त्याच दिवशी जा.

उपदेशक बंधूंनो, आपल्यावरही हेच येते. सभा भरली, वर्गणी जमली, अहवाल गेला, म्हणजे आपण समाधान मानितो. घर भरले होते हे खरे. परंतु दाराबाहेर कोण राहिले?

ज्यांस मजप्रमाणे आपला दोष आठवतो, त्यांनी निराश होऊ नये. प्रभूने त्या मनुष्यास प्रथम पापांची क्षमा दिली, आणि मग ऊठ म्हणून सांगितले. जो बाजेवर आला तो बाज उचलून गेला. आपणही क्षमा घेऊ, उठू, आणि कोणाच्या तरी बाजेचा एक कोपरा धरू. चारही कोपरे एकट्याने उचलावयास प्रभु सांगत नाही. एकच कोपरा, परंतु तो ह्याच आठवड्यात.

प्रार्थना : हे प्रभो, तुझे वचन ऐकताना आम्ही कोणाची वाट अडविली असेल तर आम्हांस क्षमा कर. आमच्या परगावी शिकणाऱ्या मुलांस चांगले मित्र दे, व त्यांस कोणाचे तरी चांगले मित्र कर. आमेन.